लेट अण्णासाहेब

मोहरवाडीत एक भोळा शिपाई होता. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हणालं तर दिवेलागणीपर्यंत तिथंच थांबायचा. त्याचं नाव निवृत्ती. नाव निवृत्ती असलं तरी नोकरी अजून धड लागायचीच होती. शाळेत तो अकरा वर्षं घंटा वाजवत होता, पण हंगामी. त्याची बायको सुगंधा म्हणायची, "आपल्या घरात कायम असं एकच हाय, ते म्हंजी माझं लगीन."

शाळा पूर्वी साधी मराठी होती. मग संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब काकडे एकदा मेव्हण्याकडे शहरात गेले. तिथं चार वर्षांची एक पोर कुत्र्याशी इंग्रजीत बोलत होती, आणि कुत्र्याला ते कळत होतं. अण्णासाहेब सुन्न झाले. परत आले ते ठरवूनच. महिन्याभरात शाळेच्या पत्र्यावर बोर्ड चढला, रायझिंग टॉवर इंटरनॅशनल स्कूल. टॉवर म्हणजे शाळेमागचा मोबाइलचा. इंटरनॅशनल म्हणजे शेजारच्या तालुक्यातून येणारी तीन मुलं.

खुद्द अण्णासाहेबांना इंग्रजीची तीन वाक्यं येत. कार्यक्रम आवडला की "आय अ‍ॅम व्हेरी हॅपी". नाही आवडला की "नॉनसेन्स". आणि कुठल्याच कार्यक्रमाला ते वेळेवर पोचत नसल्यामुळे तिसरं, "सॉरी, आय अ‍ॅम लेट". एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन निवडणुका मारल्या होत्या.

शाळा सुरू झाली त्या दिवशी त्यांनी निवृत्तीला गेटपाशी उभं केलं.

"हे बघ निवृत्त्या. गेटच्या आत मराठीचा शब्द ऐकू येता कामा नये. जो मराठी बोलंल त्याला आत सोडायचं न्हाई. मी सोता बोललो तरी मला सोडायचं न्हाई. कळलं?"

"कळलं साहेब," निवृत्ती म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

"आन् तू. स्नेहसंमेलनापर्यंत इंग्रजी शिक. शिकलास तर त्याच दिवशी स्टेजवर तुझ्या हातात कायमची ऑर्डर देतो. न्हाई शिकलास तर तालुक्याहून टायवाला शिपाई आणतो."

निवृत्तीला शिकवायचं काम प्रिन्सिपल सामंत मॅडमवर आलं. मॅडम शहरातल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा फोन सतत वाजायचा. ऑफिसचं दार लावून, आवाज हळू करून, त्या त्याला मराठीतून इंग्रजी शिकवायच्या. चोरून विडी ओढावी तसं ते दोघं मराठी बोलायचे.

"मी जे सांगते त्याची मनाशी खूणगाठ बांधायची," मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मनाला गाठ नेमकी कुठून मारतात ते निवृत्तीला कळेना. म्हणून त्यानं ती खांद्यावरच्या टॉवेलाला मारायचं ठरवलं.

पहिली गाठ अण्णासाहेबांच्या वाढदिवसाला बसली. शाळेत केक आला, पण कापायला काही नव्हतं. मॅडमनी चिठ्ठीवर पाच इंग्रजी अक्षरं खरडली आणि म्हणाल्या, "दुकानातून घेऊन ये. पळ."

के, एन, आय, एफ, ई. निवृत्ती सातवी शिकला होता, अक्षरं त्याला येत होती. रस्त्यानं जुळवत गेला. क. नि. फ. जुळलं तसे त्यानं चालता चालताच हात जोडले आणि तो पूजेच्या सामानाच्या दुकानात शिरला. दहा मिनिटांत तो कानिफनाथांचा फ्रेम केलेला फोटो घेऊन हजर झाला. सोबत हार. हार दुकानदारानं सुचवला होता.

केक फुटपट्टीनं कापला. मॅडमनी निवृत्तीला ऑफिसात घेतलं आणि दार लावलं.

"अरे, ते नाईफ. म्हणजे सुरी. पहिला के सायलेंट असतो."

"सायलेंट म्हंजी?"

"म्हणजे तो असतो, पण बोलायचा नाही. पुढे एन आला की..." आणि मॅडमचा फोन वाजला. एन आला की काय, ते मॅडमजवळच राहिलं.

"चुकलं मॅडम. पुढच्या खेपेला चुकायचं न्हाई," निवृत्ती म्हणाला आणि त्यानं टॉवेलाला गाठ मारली. पहिला के असतो, पण बोलायचा नाही.

निवृत्तीचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. सांगितलेलं तो विसरायचा नाही. अर्ध्या तासानं सत्कार होता आणि नावं पुकारायचं काम त्याच्याकडे होतं. हातात कागद, कागदावर इंग्रजी नावं. मैदानात अख्खं गाव बसलेलं. निवृत्तीनं गाठ चाचपली आणि माईकवर दणकून पुकारा केला.

"आजचे सत्कारमूर्ती, अण्णासाहेब आकडे. आन् त्यांच्या सौभाग्यवती, अमलताई आकडे."

आता मोहरवाडीत आकडा म्हणजे विजेच्या तारेवर टाकलेला फुकटचा हूक, आणि अण्णासाहेबांच्या मळ्यातला पंप कशावर चालतो हे शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "शाळंच्या माईकवरनं आज पहिल्यांदा खरं बोलले बघा." मग जो हशा झाला तो फाट्यापर्यंत गेला.

"नॉनसेन्स," अण्णासाहेब म्हणाले.

ऑफिसचं दार पुन्हा लागलं.

"नावातलं अक्षर कधी गाळतात का? यापुढे कागदावर जे लिहिलंय ते सगळं वाचायचं. एकही अक्षर सोडायचं नाही."

"चुकलं मॅडम. पुढच्या खेपेला चुकायचं न्हाई." दुसरी गाठ बसली.

पुढच्या आठवड्यात पालकसभा होती. शाळेच्या पत्र्यावर कर्णा होता, त्यावरून बोललेलं सगळ्या गावात ऐकू जायचं. मॅडमनी निवृत्तीला नोटीस वाचायला दिली. नोटीस गावाला कळावी म्हणून मराठीत, फक्त वार इंग्रजीत. शाळेचा दर्जा राहावा म्हणून. निवृत्तीनं त्या वारातलं एकही अक्षर सोडलं नाही.

"सर्वांना कळविण्यात येते, की येत्या बारा तारखेला, वेड-नेस-डेला, शाळेत हजर राहावे."

पारावर चर्चा झाली. मदर डे असतो, फादर डे असतो, तसा हा वेडाचा डे असणार. चांगली गोष्ट आहे, सगळ्यांचं म्हणणं पडलं. गावात गरज होतीच.

बुधवारी शाळा खच्चून भरली. मात्र स्वतःसाठी कुणीच आलं नव्हतं. जो तो दुसऱ्याला घेऊन आला होता. भावानं भावाला आणलं होतं, सुनेनं सासूला. सरपंचांना उपसरपंचांनी हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं, आणि सरपंच सगळ्यांना सांगत होते, की मीच याला घेऊन आलोय. मॅडमनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. कार्यक्रम बरोबर माणसाच्या हातात होता.

"अरे, ते वेन्झडे," दार लावून मॅडम म्हणाल्या. "त्यातला डी बोलायचा नसतो."

"पन मॅडम, के बोलला न्हाई तर तुमी म्हनला, समदं बोल. आता डी बोललो तर म्हनता, बोलायचा न्हाई. मग कुनाला बोलायचं आन् कुनाला न्हाई, हे ठरवतं कोन?"

प्रश्न चांगला होता. मॅडमकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर इंग्रजीकडेही नाही.

"तू कागद वाचूच नकोस," मॅडम वैतागल्या. "गावातले लोक रोज जे इंग्रजी शब्द बोलतात ना, तेवढेच बोलत जा."

"चुकलं मॅडम. पुढच्या खेपेला चुकायचं न्हाई." तिसरी गाठ बसली.

थंडीच्या दिवसांत गुरव गुरुजी वारले. या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं होतं. निवृत्तीला धक्का देत देत सातवीपर्यंत आणलं ते त्यांनीच. त्यांच्या हातचा मार त्यानं जेवढा खाल्ला तेवढाच त्यांच्या डब्यातला गूळही खाल्ला होता. तो सकाळपासून रडत होता, आणि रडतानाच त्यानं वेळेवर घंटा दिली.

प्रार्थनेला मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलांना तू सांग, तुझे गुरुजी होते ते. पण इंग्लिशमध्ये."

लोक काय बोलतात ते निवृत्तीनं आठवलं. सकाळपासून सगळं गाव एकच इंग्रजी शब्द बोलत होतं. त्यानं डोळे पुसले आणि माईकवर सांगितलं, "गुरव गुरुजी ऑफ झाले."

बालवर्गातली एक चिमुरडी उभी राहिली. "अंकल, मग ऑन कधी होणार?"

ऑन झाले असते तर निवृत्तीला हवेच होते.

ऑफिसात मॅडमचा आवाजही नेहमीसारखा चढला नाही. "निवृत्ती, पंखा ऑफ होतो. माणूस नाही. गेलेल्या माणसाला लेट म्हणतात. लेट गुरव गुरुजी. आपण कैलासवासी म्हणतो, तसं."

"पन मॅडम, गाडी लेट असती ती?"

"गाडी लेट असली तर उशीर. माणसाच्या नावाला लेट लागलं की माणूस गेला. एवढं साधं आहे."

खरोखरच साधं होतं. निवृत्तीला इंग्रजीतली इतकी सरळ गोष्ट पहिल्यांदाच भेटली होती.

"आन् मानूस लेट झाला की काय करायचं असतं?"

मॅडमचा फोन वाजायला लागला होता. "फोटोला हार घालायचा. फळ्यावर लिहायचं. दोन मिनिटं सगळे सायलेंट, मग सुट्टी."

"सायलेंट म्हंजी त्या के सारखं? असायचं, पन बोलायचं न्हाई?"

"हो रे बाबा, तसंच," मॅडम म्हणाल्या आणि फोनवर बोलायला लागल्या.

चौथी गाठ निवृत्तीनं दातांनी ओढून घट्ट केली. गुरुजींच्या नावाची गाठ होती ती.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सुगंधानं त्याचा सदरा दोनदा इस्त्री केला. टॉवेलाकडे बघून म्हणाली, "ह्ये गाठुडं घिऊन इस्टेजवर जानार व्हय?"

"यातली एक गाठ जरी सुटली तरी नोकरी सुटली."

"बरं, ऱ्हाऊ द्या. पन ऑर्डर मिळाली की आधी कर्ण्यावरनं सांगा. मी दारात उभी ऱ्हाते. अकरा वर्सं झाली, मला बी एकदा ऐकू द्या."

निवृत्ती शाळेत आला. मंडप भरला होता. अकराचा कार्यक्रम, आणि अकरा वाजून गेले होते. मॅडमना तालुक्याच्या पाहुण्यांना आणायला फाट्यावर जायचं होतं. त्यांच्या एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात फोन. गाडीत बसता बसता त्या गडबडीनं म्हणाल्या, "निवृत्ती, चेअरमन लेट आहेत. आत्ताच कळलं मला. फळ्यावर लिही, आणि सगळ्यांना सांग." गाडी धुरळा उडवत गेली.

निवृत्ती जागच्या जागी खाली बसला.

आधी त्याच्या मनात ऑर्डर आली. सही कोण करणार? मग त्याला स्वतःची लाज वाटली. एक चालताबोलता माणूस गेला, आणि आपण कागदाचा विचार करतो. वाढदिवसाला केवढा केक कापला होता त्यांनी, फुटपट्टीनं. आपण त्यांचा के गाळला होता. निवृत्तीला भडभडून आलं. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. गुरुजींनी शिकवलं होतं, आधी काम, मग रडणं.

तो उठला. चौथी गाठ चाचपली. व्हरांड्यात अण्णासाहेबांचा दारापेक्षा मोठा फोटो पहिल्यापासून होताच. स्वागताचा हार त्यानं त्या फोटोला घातला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लेट अण्णासाहेब काकडे". के आठवणीनं घातला. मग माईक हातात घेतला.

"कळवायला वाईट वाटतं, की चेअरमन लेट हायेत. लेट अण्णासाहेब काकडे. म्हंजी कैलासवासी. समद्यांनी दोन मिन्टं सायलेंट व्हावं."

मोहरवाडी हळहळली. हळहळायला तिला तशी पाचेक मिनिटं पुरली. सहाव्या मिनिटाला तिघं जण घरी जाऊन कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले, आणि पुढचा चेअरमन म्हणून एकमेकांकडे दुःखी नजरेनं बघू लागले. वायरमन मळ्याकडे निघाला. शिक्षकांचा निराळाच वाद पेटला. फळ्यावर "रेस्ट इन पीस" लिहायचं ठरलं, पण पीस शांततेचा लिहायचा की तुकड्याचा, यावर एकमत होईना. शेवटी मतं घेतली. तुकड्याचा निवडून आला.

तेवढ्यात गेटबाहेर जीप थांबली आणि अण्णासाहेब उतरले. अंगावर नवं जाकीट, बगलेत फायलींची बॅग. त्या बॅगेत निवृत्तीची ऑर्डरही होती.

दुखवटा म्हणून निवृत्ती गेटला आतून कुलूप लावून उभा होता. त्यानं अण्णासाहेबांना पाहिलं. अंगावर काटा आला, पण तो हलला नाही. अण्णासाहेबांनी घाईघाईनं घाम पुसला आणि सवयीप्रमाणे म्हणाले,

"सॉरी, सॉरी. आय अ‍ॅम लेट."

निवृत्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ठावं हाय साहेब. समद्या गावाला ठावं हाय. तेवढं सांगायला तुमी सोता कशापायी तसदी घेतली?"

अण्णासाहेबांना काही समजेना. त्यांनी गजांतून आत पाहिलं. आत त्यांचा फोटो होता, फोटोला हार होता, आणि फोटोखाली ते तिघं पांढऱ्या कपड्यांत उभे होते.

"नॉनसेन्स," ते म्हणाले. मग त्यांचं इंग्रजी संपत आलं. "आरं गाढवा, मी जित्ता हाय. गेट उघड."

"मराठी नको साहेब. तुमीच सांगितलंय, मी सोता बोललो तरी सोडू नको. आजच्या दिवशी तरी तुमचा शब्द मी मोडायचा न्हाई."

अण्णासाहेबांनी गज धरले. जिवंत असल्याचं इंग्रजीत कसं सांगतात हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. दोन निवडणुकांत तशी वेळच आली नव्हती. त्यांच्याजवळ आता एकच वाक्य शिल्लक होतं. दातओठ खात त्यांनी तेही वापरून पाहिलं.

"आय अ‍ॅम व्हेरी हॅपी."

मंडपातली एक म्हातारी काठी टेकत गेटजवळ आली होती. "काय म्हंत्यात रं?"

"साहेब तिकडं सुखात हायेत म्हंत्यात, आज्जे."

"सुटला बिचारा," म्हातारी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्यामागं मंडपभर निःश्वास पसरत गेला.

"साहेब, आता सायलेंट ऱ्हावा," निवृत्ती समजुतीनं म्हणाला. "त्या के सारखं. तुमचं नाव बोर्डावर ऱ्हानार हाय. पन आता तुमी बोलायचं न्हाई."

तेव्हा अण्णासाहेबांचा तोल सुटला. गेट गदगदा हलवत ते ओरडले, "निवृत्त्या, आजपासून तू घरी. कायमचा. ऐकलंस? कायमचा."

ते मराठीत बोलले होते. नियमानं निवृत्तीनं कान झाकायला हवे होते. पण तो शब्द ऐकायला तो अकरा वर्षं थांबला होता, आणि त्या वाक्यात इंग्रजीचं एक अक्षरही नव्हतं, की जे बोलायचं का गाळायचं अशी पंचाईत पडावी. ते त्याला लख्ख कळलं. त्यानं गजांतून हात घालून अण्णासाहेबांच्या पायांना हात लावला, कपाळी लावला, आणि मंडपाकडे धूम ठोकली.

गावाच्या पार टोकाला, आपल्या दारात उभ्या असलेल्या सुगंधाला कर्ण्यावरून त्याचा आवाज ऐकू आला. आवाज रडका होता आणि हसराही.

"सुगंधे, ऐकतीस न्हवं? लेट अण्णासाहेब आत्ता सोता गेटवर आल्ते. जाता जाता मला कायम करून गेले. आता त्यांच्यासाठी समद्यांनी पुन्यांदा दोन मिन्टं सायलेंट व्हावं."

अख्खी मोहरवाडी उभी राहिली. सुगंधाही दारातल्या दारात, पदर सावरून, मान खाली घालून उभी राहिली. कुणी हूं की चूं केलं नाही. गेटबाहेर अण्णासाहेब तेवढे जिवाच्या आकांतानं ओरडत होते. पण पहिला के असतो, बोलायचा नसतो, हे एव्हाना गावातल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं.